अनोळखी नंबरावरून ‘काकू’

श्रावण लागला की आमच्या बनशंकरीत दोन गोष्टी हमखास होतात. अबोलीचे भाव कडाडतात आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान लॅपटॉपवाल्यांच्या घशात जातं. अबोलीचं मी समजू शकते. वरमहालक्ष्मी तोंडावर आलेली असते, इथल्या बायका त्या दिवशी भाव बघत नाहीत. पण ह्या लॅपटॉपवाल्यांचा कसला मेला सण? ‘विद्यार्थ्यांसाठी खास.’ ‘शून्य व्याज.’ ‘आज घरी न्या, पैसे सावकाश.’ आणि पानभर एक मुलगी, मांडीवर यंत्र उघडून अशी हसत असते, जणू तिला जन्मात कधी कोणाचा नकोसा फोन येणारच नाही. मी ते पान घडी करून फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात अंथरते, हसरी बाजू खाली करून. आमच्या ह्यांना या दिवसांत पेपर दुसऱ्या पानापासून मिळतो.

बेंगळुरूचा श्रावण तसाही मला कधी मानवला नाही. मी सांगलीकडची. पाऊस पडायचा तर धो धो पडावा आणि मोकळं व्हावं, अशी आमची सवय. इथं दिवसभर नुसती भुरभुर. छत्री उघडावी तर लोक हसतात, मिटावी तर पदर ओला. वाळत घातलेले टॉवेल तिसऱ्या दिवशी उचलले तरी कुबट वास. सकाळचे दहा आणि दुपारचे चार ह्यांत काही फरक नाही, एकच एक मळकट उजेड, घासलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखा. त्या वर्षापासून मला ह्या उजेडाची भीती वाटते. स्पष्टच सांगते, भीती वाटते. गेल्या आठवड्यात ह्याच उजेडात माझा फोन वाजला. त्याचं सांगायचंच आहे, पण आधी ते वर्ष सांगितल्याशिवाय कोणाला काही कळायचं नाही.

रेवा माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, नागपूरची. ॲनिमेशन शिकायला इथल्या कॉलेजात आली आणि आमच्याकडे राहिली. आमचा मुलगा परदेशात, त्याची खोली रिकामी, तेव्हा पीजीत कशाला पैसे घालायचे, असं ह्यांनीच भावाला ठणकावून सांगितलं होतं. पोरगी आली आणि घर भरलं. दिवसभर चित्रं. माझ्या कुकरला मिशा काढ, ह्यांच्या चष्म्याला पाय काढ. बोलणं सगळं नागपुरी. ‘काऊन गं काकू, एवढं काय पाहून राहिली?’ असं तिनं म्हटलं की मी मुद्दाम म्हणायची, ‘काही नाही गं, तुझं मराठी शोधते आहे.’ मग ती फिस्सकन हसायची. ह्यांचंही मूळचं बोलणं तसंच, पण सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून जन्म गेला, त्यात घासून घासून गुळगुळीत झालं होतं. रेवा आली तसे हेही ‘करून राहिलो’ करायला लागले. बरं वाटायचं मला.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं सांगितलं, आता प्रत्येकाचं स्वतःचं मशीन पाहिजे. साधं चालणार नाही, चित्रं हलवणारं, भारी ग्राफिक्सचं. किंमत ऐकली आणि माझे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात आमच्या वेळी अंगभर दागिने झाले असते. भाऊजींनी तिच्या फीसाठीच कर्ज काढलेलं. ते फोनवर म्हणाले, ‘दिवाळीपर्यंत थांब बेटा, काहीतरी करतो.’ पण कॉलेजचं काम दिवाळीपर्यंत कुठलं थांबतंय? ह्यांनी बँकेतली ठेव मोडायची गोष्ट काढली. ती ठेव माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती. रेवा एकदम उसळली. ‘काका, काकूच्या पायावर मी लॅपटॉप घेऊ? मी घरी जाते त्याच्यापेक्षा.’ विषय तिथंच मिटला.

मग हे म्हणाले, हप्त्यावर घेऊ. आमच्या घरात हप्त्यावर कधी मिक्सरसुद्धा आला नव्हता, तेव्हा हे म्हणाले म्हणजे तिच्यावर किती जीव ते बघा. इस्त्रीचा शर्ट घालून, पेन्शनचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आम्हा दोघींबरोबर दुकानात गेले. दुकानातला मुलगा मोठा गोड. ‘नो प्रॉब्लेम सर, पाच मिनिट सर.’ आमचं आडनाव पांढरीपांडे, ते काही त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून सगळा वेळ ‘पांडे सर’. त्यानं जन्मतारीख टाकली, पेन्शन टाकली, आणि त्याचा चेहरा जरा पडला.

‘सर, सिस्टम घेत नाही सर.’

‘सिस्टम म्हणजे कोण?’ ह्यांनी विचारलं. ‘बोलाव त्याला.’

‘कोणी नाही सर. मशीनच सांगते. रिटायर्ड आहात ना सर.’

मला हसू आलं होतं खरं म्हणजे. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि गेलं. ज्या माणसाच्या सहीवर कोट्यवधींच्या मशिनरी आत आल्या, तो माणूस कागद परत पिशवीत भरत होता आणि एक कागद काही केल्या आत जाईना. परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले. रेवा ह्यांच्याकडे बघत बसली होती. त्या बघण्यातच सगळं ठरलं असणार, असं मला आता वाटतं.

आठ-दहा दिवसांत मोठं खोकं घरी आलं. ‘कॉलेजची स्कीम आहे काकू, स्टुडंट लोकांसाठी,’ रेवा म्हणाली. नजर खोक्यावर. मी म्हटलं, बरं झालं बाई, देव पावला. तिला पाटावर बसवलं, मशीनला हळदकुंकू वाहिलं, झाकणावर बोटानं स्वस्तिक काढलं, वर एक अबोलीचा तुरा ठेवला. इथं दसऱ्याला आयुधपूजेत लोक स्कूटरला हार घालतात, बसपुढे कोहळा फोडतात, मग ह्यानं काय घोडं मारलंय? ह्यांनी मात्र लांबूनच विचारलं, ‘स्कीम कसली?’ रेवा म्हणाली, ‘सांगते ना काका नंतर.’ ते नंतर काही आलं नाही.

काळंकुट्ट धूड होतं ते. उघडलं की बटणांखालून लाल उजेड यायचा आणि आतला पंखा घुंऽऽ करत सुरू व्हायचा. बंद दारातून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. खोली इतकी गरम व्हायची की मी ओले रुमाल, मोजे तिच्या खुर्चीच्या पाठीवर नेऊन टाकायला लागले. त्या ओल्या श्रावणात घरातली तेवढीच एक जागा, जिथं कपडे वाळत. मला त्याचं कौतुक होतं. शेजारच्या जयम्माक्कांनाही मी कौतुकानं सांगितलं होतं. त्या उबेत मी माझे मोजे वाळवत होते आणि तिथंच बसून पोरगी गारठत चालली होती.

आता आमच्या मंडळाचं सांगायला हवं. इथली मराठी माणसं कुठं कुठं विखुरलेली. जुनी घरं चामराजपेटेत, नोकरीवाली बनशंकरीत, नवी पुण्या-मुंबईची पोरं कोरमंगलात एकेका खोलीत तिघं. वर्षातून एकदा गणपतीला सगळी एकत्र. आणि आमच्या मंडळाची एक रीत आहे. वर्गणी फोनवर पाठवलेली चालत नाही. घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, कोणाची सून बाळंतीण झाली ते ऐकायचं आणि मग पावती फाडायची. खजिनदार म्हणतात, पैसे गोळा करायला कशाला जायचं, माणसं गोळा करायला जायचं. त्या वर्षी माझा गुडघा बोलायला लागला होता, म्हणून मी रेवाला बरोबर घेतलं. पोरगी इतकी पटापट जिने चढायची, सगळ्यांना आवडली. घराघरांतून निघताना ती नंबर घ्यायची आणि आपल्या पद्धतीनं फोनमध्ये भरायची. ‘वर्गणी देशमुख काका.’ ‘वर्गणी लेले वहिनी, कुत्रा चावतो.’ ‘वर्गणी गोडबोले मावशी, ऐकू येत नाही.’ गणपती येईपर्यंत तिच्या फोनात आमचं सगळं मंडळ जाऊन बसलं होतं. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, आमच्या रेवानं यादी कशी लख्ख केली.

स्कीम वगैरे काही नव्हती, हे तुम्ही ओळखलंच असेल. फोनमधल्या एका ॲपनं तिला पैसे दिले होते. पेन्शन नको, पगार नको, काकांची सही नको. फक्त आधार, एक हसरा फोटो आणि ‘तुमच्या फोनमधली नावं आम्ही पाहू का?’ असा एक प्रश्न. ती ‘हो’ म्हणाली. आपण सगळेच म्हणतो हो. वाचतं कोण? दर आठवड्याला पैसे भरायचे होते. एका लग्नाची हलती पत्रिका करायचं काम तिला मिळालं होतं, त्यातून भागेल असा हिशेब. काम झालं, लग्नही झालं, पैसे काही त्या लोकांनी दिले नाहीत. एक आठवडा चुकला. मग दुसरा. हे सगळं आम्हाला कळलं ते पुष्कळ नंतर.

पहिला फोन मला आला. हरतालिकेच्या आदल्या दिवशी, मी दारात उभी राहून नारळ निवडत होते. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडे पुरुषाचा आवाज, तरुण, अतिशय अदबीचा.

‘हॅलो, काकू बोल रही हैं?’

मी गोंधळले. अख्ख्या जगात मला काकू म्हणणारी चार माणसं. त्यांतलं हे कोणी नव्हतं.

‘कौन?’

‘काकूजी, रेवा को समझाइए. अच्छी लड़की है. समझाइए उसको.’ आणि फोन बंद.

शिवी नाही, धमकी नाही, काही नाही. पण माझ्या हातातला नारळ मी तसाच परत टोपलीत ठेवला. आपल्याच माणसानं घरात ठेवलेलं हाक मारायचं नाव असं परक्या तोंडातून आलं की कसं वाटतं, ते सांगता येत नाही. न्हाणीघराच्या खिडकीतून कोणी आत बघावं तसं झालं मला. रेवाला विचारलं तर म्हणाली, ‘राँग नंबर असेल काकू.’ तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं प्यायलाच नाही, सिंकमध्ये ओतला आणि कप कितीतरी वेळ विसळत राहिली.

त्यानंतर तिचा फोन कायम पालथा. जेवताना पालथा, झोपताना उशीखाली. वाजायचा नाही, नुसता घुर्र करायचा, टेबल थरथरायचं. कुकरला मिशा काढणं थांबलं. मी ह्यांना म्हटलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय. हे म्हणाले, ‘परीक्षा असेल.’ एक दोनदा समोरच्या शहाळेवाल्यापाशी हेल्मेट न काढता उभा असलेला एक मुलगा मी पाहिला. तो शहाळं पीत नव्हता. आमच्या फाटकाकडे पाहत होता. कदाचित उगाच उभा असेल, मला माहीत नाही. पण मी तेव्हापासून फाटकाला आतून कडी घालायला लागले.

गणपतीत आमचं मंडळ एक हॉल भाड्यानं घेतं. त्या संध्याकाळी आरती रंगात आली होती. टाळ, झांजा, कोरमंगलाची पोरं आवाज चढवून म्हणत होती. रेवा आली नव्हती. मशीनवर कॉलेजचं मोठं काम लावलंय, संपलं की येते म्हणाली होती. मी तबक धरून पुढं उभी. आणि मध्येच लेले वहिनींचा फोन वाजला. त्यांनी पर्समध्ये हात घालून बंद केला. मग देशमुखांचा. मग मागे कोणाचा तरी. मग एकदम दोन. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आरती चालू, पण झांजा एकेक करून थांबत गेल्या. देशमुखांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा मी बघत होते. ते हळूच म्हणाले, ‘हा मला वर्गणीजी म्हणतोय.’ कोणीतरी हसलं. मग लेले वहिनींनी त्यांच्या फोनवर आलेला फोटो माझ्यापुढं धरला. आमच्या रेवाचा तोच हसरा फोटो, आणि कपाळावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, चोर.

माझ्या हातातलं तबक कोणी घेतलं, मला आठवत नाही. हॉलमधल्या प्रत्येक हातात माझी पोरगी होती आणि प्रत्येक कपाळावर तेच.

त्याच वेळी माझा फोन वाजला. रेवा. मी हॉलबाहेर धावले, जिथं चपलांचे ढीग असतात तिथं. ती रडत होती. नुसती रडत नव्हती, श्वास अडकत होता, मध्येच हुंदक्याबरोबर एक बारीक आवाज यायचा, लहानपणी पडल्यावर यायचा तसा. ‘काकू, मी तुमचं नाव घालवलं. सगळ्यांना गेलं काकू. बाबांच्या ऑफिसातपण. काकू, ऐकून राहिली ना? ऐकून राहिली ना?’ मी म्हटलं, ‘ऐकते आहे, बाळा, कुठं आहेस तू?’ फोन बंद झाला. परत लावला तर स्विच्ड ऑफ. चपलांच्या त्या ढिगात उभी राहून मी देवाला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

हे आणि मी रिक्षा करून घरी आलो. खोलीचं दार लोटलेलं. आतून पंख्याचा घुंऽऽ आवाज. माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, आहे, आत आहे. ह्यांनी दार ढकललं. खुर्ची रिकामी. अंधारात फक्त बटणांचा लाल उजेड आणि पडद्यावर एक लांबट पट्टी, डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलानं भरत चाललेली. तिनं केलेलं काहीतरी ते मशीन स्वतःशीच शिजवत बसलं होतं. ह्यांनी बटणाकडे हात नेला. मी ओरडले, ‘नको!’ मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण गॅस मंद करून त्यावर दूध ठेवून बाई बाहेर गेली, तर ती परत येणार असते. मी ह्यांना तेच म्हटलं. ‘दूध ठेवून गेलीय ती. जिवाचं बरंवाईट करायला निघालेलं माणूस गॅसवर दूध ठेवून जात नाही.’ ह्यांनी हात मागे घेतला. मी बोलत होते ते मलाच खरं वाटावं म्हणून बोलत होते. ती पट्टी भरली आणि तरी पोरगी आली नाही तर, हा विचार मनात आला आणि मी पुन्हा तिचा नंबर लावला. तो बंदच.

मग डोकं चालायला लागलं. आज ती कुठं जाईल? मैत्रिणींना फोन गेलेले. मंडळात सगळ्यांना गेलेले. ज्याच्या दारात उभी राहील, त्यानं आधीच ऐकलेलं असणार. ऐकलेलं नाही असं कोण? आणि मला एकदम गोडबोले मावशी आठवल्या. चामराजपेटेतल्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून गेला आणि आता कान पार गेलेले. फोन शेजारी वाजत असला तरी त्या आपल्या शेंगा सोलत बसतात. ‘वर्गणी गोडबोले मावशी, ऐकू येत नाही.’

‘अण्णा, चामराजपेट. स्वल्प बेगा,’ जरा लवकर चल म्हणून मी रिक्षावाल्याला विनवलं. त्यानं माझं तोंड पाहिलं. ‘सरी अम्मा,’ एवढंच म्हणाला, मीटरचीसुद्धा घासाघीस केली नाही. रस्ताभर फुटपाथवर गौरी-गणपतीच्या उरलेल्या मूर्ती प्लास्टिकखाली झाकलेल्या. भुरभुर चालूच. हे माझा हात धरून बसले होते. ह्या वयात, रिक्षात, ह्यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

रेवा तिथं होती. मावशींच्या समोर जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. मावशी आपल्या मोठ्या आवाजात तिला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, आणि ही मान हलवत होती. आम्हाला पाहून तिच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या. मी तिला एक थोबाडीत द्यायला हात उचलला होता, खरं सांगते, आणि तोच हात तिच्या पाठीवर गेला. ती माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, ‘काकू, मशीन बंद नाही ना केलं? चालू ठेवून आली मी.’

‘नाही केलं, राणी. दूध आहे तसं आहे.’

तिला काही कळलं नाही. ह्यांना कळलं. हे तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मावशी ओरडून विचारत होत्या, काय झालं, कोण गेलं? कोणी नाही गेलं मावशी, मी म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही.

पुढचं थोडक्यात. ठेव मोडली, पैसे भरले, पोलिसांत तक्रारही दिली. माझा गुडघा अजून तसाच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मंडळातल्या लोकांनी चांगुलपणानंच वागवलं, पण पुढल्या वर्षी वर्गणीला गेलो तर दोन-चार घरांत नंबर विचारल्यावर लोक जरा थांबले. देशमुखांना तर कितीतरी दिवस फोन येत राहिले. पैसे फिटले. त्यांच्याकडे गेलेली नावं मात्र परत आली नाहीत. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खोलीत, कोणीतरी परका माणूस बसलाय आणि त्याला ठाऊक आहे की मी रेवाची काकू आहे, लेल्यांचा कुत्रा चावतो आणि गोडबोले मावशींना ऐकू येत नाही. जेवताना मध्येच ह्याची आठवण येते आणि मी उठून फाटकाची कडी पाहून येते.

म्हणून आम्ही घरात एक ठरवलं. रेवानं नंबर बदलला. फोनवर नुसतं काकू म्हटलं की मी बोलणार नाही. मी विचारणार, ‘गॅसवर काय ठेवलंय?’ आणि तिनं म्हणायचं, दूध. सुरुवातीला हसायची. आता ती कोरमंगलात एका स्टुडिओत नोकरीला आहे, पीजीत राहते, आणि फोन लावल्या लावल्या स्वतःच म्हणते, ‘दूध, काकू, दूध. आता बोल.’ ते काळं धूड अजून आमच्याकडेच आहे. जुनं झालं, ती वापरत नाही. दसऱ्याला मी त्याला कुंकू लावते, पण पूर्वीसारखं प्रेमानं नाही. जागं होऊ नये म्हणून लावते.

तर गेल्या आठवड्यात. दुपारची वेळ, तोच मळकट उजेड, मी गवार मोडत बसलेली. अनोळखी नंबर. उचलला.

‘काकू…’

रेवा. रडत होती. श्वास अडकत होता आणि मध्येच हुंदक्याबरोबर तो बारीक आवाज. हॉलबाहेरच्या चपलांचा ढीग माझ्या डोळ्यांपुढं आला. ‘काकू, माझा फोन हरवला आहे. मी अडचणीत आहे. आत्ता पैसे पाठव, कोणाला सांगू नकोस. काकू, ऐकते आहेस ना?’

माझ्या तोंडून ‘ऐकते आहे, बाळा’ निघालंच होतं. पण जीभ आपोआप वळली. ‘गॅसवर काय ठेवलंय?’

‘काकू, प्लीज. वेळ नाही.’

‘रेवा, गॅसवर काय ठेवलंय?’

ती नुसती रडत राहिली. काकू, काकू, प्लीज काकू. माझ्या पोरीचा आवाज. त्याची एक एक ओळख मला पाठ. माझा अंगठा लाल बटणावर होता आणि तो खाली जाईना. मग गेला.

रेवाचा नेहमीचा नंबर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मी उभी राहिले, गवार सगळी जमिनीवर. शेवटी तिनं उचलला. ‘दूध, काकू, दूध. मीटिंगमध्ये होती ना. काय झालं?’ मागे माणसांचे आवाज, कोणीतरी हसत होतं. मी खाली बसले. तिला सगळं सांगितलं. हल्ली मशीन माणसाचा आवाज काढतं म्हणे, तिनं मागे सांगितलं होतं. कुठून उचलला, कोणाच्या हातात आहे, देव जाणे. पुढे विचार करताना लक्षात आलं की त्या आवाजाचं मराठी फार स्वच्छ होतं, ‘करून राहिली’ एकदाही नव्हतं. पण तेव्हा मला मराठी ऐकू येत नव्हतं, फक्त रडणं ऐकू येत होतं.

माझं सगळं ऐकून रेवा मीटिंगमधून बाहेर आली असावी, मागचे आवाज थांबले. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, ‘काकू, खरंच मी असली तर? रडता रडता दूध म्हणायला विसरून गेली तर?’

त्या वर्षी ती रडली तेव्हा तिला धड श्वाससुद्धा घेता येत नव्हता. अशा वेळी पोरीला ओळख विचारणारी मी कोण? आणि न विचारून तरी कसं चालेल? माझ्या अंगठ्याला अजून ते बटण जाणवत होतं.

‘विसरायचं नाही,’ मी म्हटलं. ‘काही झालं तरी विसरायचं नाही, रेवा. विसरलीस तर मी फोन ठेवून देईन.’

पलीकडून ती म्हणाली, ‘हो, काकू.’